‘भास होतात का?’ : एका प्रश्नाच्या दुरुस्तीसाठी खुले पत्र

प्रति,
जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे अधिकारी, धाराशिव,
तसेच वाशी तालुक्यातील ग्रामीण रुग्णालय व प्राथमिक आरोग्य केंद्रांचे वैद्यकीय अधिकारी यांस,



मानसिक आरोग्याच्या तपासणीत विचारला जाणारा एक प्रश्न बदलावा, एवढीच या पत्राची मागणी आहे. मात्र तो प्रश्न ज्या अनुभवाविषयी आहे त्याची व्याप्ती मोठी असल्यामुळे मागणीमागची कारणे सविस्तर मांडणे आवश्यक ठरते. ‘भास होतात का?’ हा तो प्रश्न. समोरच्या व्यक्तीने होय म्हटले की केसपेपरवर ‘भास : आहेत’ अशी नोंद होते, नाही म्हटले की ‘भास : नाहीत’ अशी होते, आणि बाहेर ताटकळलेल्या रांगेमुळे तपासणी पुढच्या रकान्याकडे सरकते. हे कोणा एका डॉक्टरचे किंवा दवाखान्याचे न्यून नव्हे; तपासणीची घडीच अशी बसलेली आहे. परंतु त्या दोन शब्दांच्या नोंदीवर निदान ठरते, गोळी ठरते, गोळीची मात्रा ठरते आणि पुष्कळदा त्या व्यक्तीची गावातली ओळखही ठरते, म्हणून ती नोंद कशी झाली हे पाहणे भाग आहे.

मराठीत ‘भास’ हा शब्द खोटेपणाची कबुली आधीच देऊन ठेवतो. अंधारात दोरी पाहून सापाचा भास झाला असे जो सांगतो, त्याला तो साप नव्हता हे सांगतेवेळी कळून चुकलेले असते. ज्या बाईला रोज पहाटे गोठ्यामागून वारलेल्या दिराचा आवाज ऐकू येतो, तिच्या लेखी तो दिराचाच आवाज असतो; तिला ‘भास होतात का?’ असे विचारले तर ती प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल, आणि तिचे उत्तर तिच्या बाजूने पूर्ण खरे असेल. उलट, स्वतःच्या ऐकण्याविषयी ज्याच्या मनात शंका उरली आहे, म्हणजेच ज्याची वास्तवाची पकड तुलनेने शाबूत आहे, तोच ‘होय’ म्हणेल. ज्यांना मदतीची गरज अधिक, नेमके तेच या प्रश्नाच्या जाळीतून निसटतात. ‘कानात आवाज येतात का?’ हा पर्यायही फारसा उपयोगाचा नाही, कारण कान वाजण्याची तक्रार असलेला माणूस त्याला होकार देतो, आणि तेरखेड्यासारख्या फटाक्यांच्या गावात तर ‘आवाज’ या शब्दाचा पहिला अर्थच निराळा असतो.

येथे संज्ञा स्पष्ट करणे योग्य होईल. बाहेर ध्वनीचा कोणताही उगम नसताना, पूर्ण जागेपणी, खरोखर ऐकल्याप्रमाणे ध्वनीची जाणीव होणे याला मानसशास्त्रात श्रवणभ्रम म्हणतात, आणि त्या ध्वनीत शब्द असतील, कोणीतरी बोलत असेल, तर त्याला साध्या भाषेत ‘आवाज ऐकू येणे’ असे म्हटले जाते. ज्वारीच्या ताटांतून वारा गेल्यावर कुजबुज वाटणे हा वेगळा प्रकार आहे; तेथे ध्वनी असतो, त्याचा अर्थ तेवढा चुकतो. मनातल्या मनात येणारा विचारही वेगळा, कारण तो आपलाच आहे हे माणसाला कळत असते. आवाज ऐकू येत असताना मेंदूतील भाषेशी संबंधित भाग सक्रिय झालेले प्रतिमा-तपासण्यांमध्ये दिसून आले आहे. म्हणजे बोलणारा तेथे नसला तरी ऐकणे घडत असते. ‘असं काही नसतंच, मनाचे खेळ आहेत’ हे घरच्यांचे आणि कधीकधी दवाखान्यातलेही वाक्य त्यामुळे शास्त्रालाही धरून नाही, आणि ऐकणाऱ्याला तर ते थेट खोटारडे ठरवणारे असते. असे एकदा झाले की ती व्यक्ती त्या विषयावर पुन्हा तोंड उघडत नाही.

आवाज ऐकू येणारा प्रत्येक माणूस मनोरुग्ण असतो, ही समजूतही तपासणी बिघडवते. १८ देशांतील ३१,२६१ प्रौढांच्या मुलाखतींवर आधारलेला एक मोठा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ५.२ टक्के लोकांनी आयुष्यात केव्हा तरी कोणता ना कोणता इंद्रियभ्रम अनुभवल्याचे सांगितले, आणि तीव्र मानसिक आजारांचे प्रमाण याहून पुष्कळ कमी असते. त्याहीपूर्वी, १९७१ मध्ये, डेवी रीस या डॉक्टरांनी वेल्समधील २९३ विधवा आणि विधुरांना प्रत्यक्ष भेटून केलेली पाहणी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील जवळजवळ निम्म्या लोकांना गेलेल्या जोडीदाराचे अस्तित्व कोणत्या ना कोणत्या रूपाने जाणवत होते, सुमारे १३ टक्क्यांना त्याचा आवाज ऐकू येत होता, बहुतेकांना त्याचा आधारच वाटत होता, आणि तरीही बहुतेकांनी ही गोष्ट कोणालाही सांगितलेली नव्हती. धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात हा जुना अभ्यास फार जवळचा ठरतो. शेतकरी आत्महत्यांमुळे २०१५ मध्ये बळीराजा चेतना अभियानासाठी शासनाने यवतमाळबरोबर याच जिल्ह्याची निवड केली होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने लातूरबरोबर याच जिल्ह्याच्या उमरगा-लोहारा भागातील घरे उजाड केली होती. अकाली मरणे पाहिलेल्या या मुलखात नवऱ्याची हाक ऐकू येते असे सांगणारी स्त्री दवाखान्यात आली, तर ती दुःखात आहे की आजारी आहे, की दुःखातून आजाराकडे चालली आहे, याचा निर्णय ‘भास : आहेत’ या दोन शब्दांनी कसा होणार? तिला हाक ऐकून बरे वाटते की भीती वाटते, हाक नुसती नावाची असते की ‘तूही ये’ अशी असते, हे विचारल्याखेरीज तिला काय द्यावे हे कोणत्याही डॉक्टरला ठरवता येणार नाही.

महाराष्ट्राच्या भूमीवर घडलेली, आवाज ऐकण्याची कदाचित सर्वांत प्रसिद्ध घटना येरवड्याची आहे. एप्रिल १९३३ च्या अखेरीस येरवडा तुरुंगात असताना महात्मा गांधींनी एका रात्री आपल्याला आवाज ऐकू आल्याचे सांगितले, अस्पृश्यतेच्या प्रश्नावर २१ दिवसांचे उपोषण जाहीर केले, ८ मे रोजी ते सुरू केले, आणि जुलैमध्ये ‘हरिजन’ साप्ताहिकात त्या अनुभवाचे वर्णनही केले. कोणी त्याला आत्मवंचना किंवा भ्रम म्हटले तर ते खोडून काढण्यासाठी आपल्यापाशी पुरावा नाही, हे त्यांनी तेथेच मान्य केले होते, आणि तरीही आपली खात्री ढळणार नाही असेही म्हटले होते. त्यांच्या श्रद्धेचा निवाडा करणे हा येथे हेतू नाही. लक्षात घ्यायचे ते एवढेच की, हा आवाज ऐकणारा माणूस त्या वेळी साप्ताहिकासाठी लिहीत होता, पत्रव्यवहार करीत होता, सहकाऱ्यांशी वाद घालीत होता आणि शंकेखोरांची बाजू स्वतःच मांडू शकत होता. त्याच येरवड्यात राज्यातील मोठे मनोरुग्णालय आहे, आणि वाशीहून तेथे जायचे तर २०० किलोमीटरांहून अधिक अंतर कापावे लागते. आवाज ऐकणाऱ्या कोणाला त्या दारापर्यंत नेण्याची गरज आहे आणि कोणाला नाही, हे आवाजाच्या अस्तित्वावरून ठरत नाही. आवाजाने माणसाच्या जगण्याचे काय केले आहे, यावरून ठरते.

या विवेचनाचा अर्थ आवाजांचा गौरव करावा असा कोणी काढू नये. मूल्यमापनाची पहिली पायरी शरीराची आहे, आणि ती चुकली तर जीव जातो. ताप मेंदूत गेलेला रुग्ण, लघवीच्या संसर्गाने भ्रमिष्ट झालेली वृद्ध स्त्री, अपस्माराचा रुग्ण, धोतऱ्याचे बी पोटात गेलेले मूल, काही औषधांची मात्रा वाढलेला रुग्ण, यांना ऐकू येणारे आवाज मुळात शरीराच्या बिघाडाचे असतात आणि तो बिघाड दुरुस्त करणे हाच त्यांवरचा उपचार असतो. ऐकू कमी येऊ लागलेल्या म्हाताऱ्या माणसांना जुनी गाणी किंवा बोलणी ऐकू येतात, तेव्हा मेंदूच्या आधी कान तपासावे लागतात. ग्रामीण भागात दारूचा प्रश्न विशेष काळजीने विचारायला हवा: वर्षानुवर्षे पिणाऱ्या माणसाने माळ घातली आणि दारू एका दिवसात सोडली, तर दोन ते चार दिवसांत हातापायांची थरथर, घाम, गोंधळ आणि भीतिदायक दृश्ये-आवाज सुरू होऊ शकतात, आणि ही अवस्था प्राणघातक असू शकते. घरच्यांना ती देवाची परीक्षा वाटते. प्रत्यक्षात ती तातडीने रुग्णालयात नेण्याची वेळ असते. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतही, दर हजार बाळंतिणींपैकी एक-दोघींना अशा तीव्र आजाराला सामोरे जावे लागते, ज्यात आवाज बाळाविषयी काहीबाही सांगू लागतात. तेथे एक रात्रही वाट पाहणे धोक्याचे आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव घेण्याचा हुकूम देणारा आवाज कोणत्याही कारणाने असो, त्याची चौकशी त्याच बैठकीत पूर्ण झाली पाहिजे आणि त्या व्यक्तीला एकटे सोडता कामा नये.

मूल्यमापनाचा खरा कस मात्र यानंतर लागतो. गेल्या चार दशकांत आवाजांच्या चौकशीची जी शिस्त जगात तयार झाली, तिची सुरुवात नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथे एका रुग्णाच्या हट्टातून झाली, ही गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात मोलाची आहे. पॅट्सी हागे या तरुणीचे आवाज औषधांनी थांबत नव्हते. ज्युलियन जेन्स यांचे प्राचीन माणसाच्या मनाविषयीचे १९७६ चे पुस्तक वाचून तिने आपल्या मनोविकारतज्ज्ञाला, मारियस रोमे यांना, विचारले की न दिसणाऱ्या देवावर जग विश्वास ठेवते, मग आपल्याला प्रत्यक्ष ऐकू येणाऱ्या आवाजांना खोटे का म्हणायचे. रोमे यांनी १९८७ मध्ये तिच्यासह दूरचित्रवाणीवर जाऊन आवाज ऐकू येणाऱ्यांना संपर्क साधण्याचे आवाहन केले, तेव्हा शेकडो लोक पुढे आले आणि त्यांतल्या अनेकांनी कधीही मानसोपचार घेतलेला नव्हता. सँड्रा एशर यांच्या साहाय्याने रोमे यांनी त्यानंतर जी मुलाखतपद्धती घडवली, ती ‘मास्ट्रिख्ट मुलाखत’ म्हणून ओळखली जाते. आवाज किती आहेत, कोणाचे आहेत, ते पहिल्यांदा केव्हा ऐकू आले, त्या सुमारास आयुष्यात काय चालले होते, ते काय म्हणतात, कशाने वाढतात, कशाने शांत होतात, आणि ऐकणारी व्यक्ती त्यांना काय उत्तर देते, असे प्रश्न त्यात सावकाश विचारले जातात. बऱ्याच जणांचे आवाज एखाद्या आघातानंतर, म्हणजे मृत्यू, अत्याचार, अपमान किंवा विश्वासघात यांनंतर सुरू झाल्याचे त्यांना आढळले. रोमे यांचे सर्वच निष्कर्ष मानसोपचारशास्त्राने स्वीकारलेले नाहीत, आणि औषधांनी ज्यांचे आवाज खरोखर मंदावतात अशा असंख्य रुग्णांच्या बाबतीत औषधाला कमी लेखणे अन्यायाचे होईल. पण आवाजाला मजकूर असतो आणि तो मजकूर विचारावा लागतो, हा त्यांचा मुद्दा आता टाळता येण्यासारखा नाही.

मुख्य प्रवाहातील संशोधकांनीही त्याच काळात मोजमापाची साधने तयार केली. जिलियन हॅडॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या श्रेणीपत्रात आवाजांसाठी ११ बाजू मोजल्या जातात: आवाज किती वेळा येतात, किती वेळ टिकतात, डोक्यातून येतात की बाहेरून, किती मोठे असतात, त्यांच्या उगमाविषयी काय वाटते, त्यांत वाईट बोलणे किती आणि किती टोकाचे असते, त्यांचा त्रास किती वेळा आणि किती तीव्र होतो, दिनक्रम किती विस्कटतो, आणि त्यांच्यावर आपला ताबा किती चालतो. या बाजू वेगवेगळ्या मोजण्याचे कारण असे की उपचाराने त्या एकदम बदलत नाहीत. एखाद्याचे आवाज दिवसातून तेवढ्याच वेळा येत राहतात, पण त्यांचा त्रास निम्म्यावर येतो आणि तो पुन्हा शेतावर जाऊ लागतो. ‘भास : आहेत’ असे लिहिणाऱ्या कागदाला ही सुधारणा दिसतच नाही, आणि मग विनाकारण मात्रा वाढवली जाते. पॉल चॅडविक आणि मॅक्स बर्चवूड यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले की, आवाज किती सामर्थ्यवान आहे असे ऐकणाऱ्याला वाटते, यावर त्याचे वागणे मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. हुकूम न पाळल्यास आवाज आपल्या लेकराचे वाईट करील अशी ज्याची खात्री आहे, तो हुकूम पाळतो. तोच हुकूम निष्फळ बडबड वाटणारा माणूस पाळत नाही. धोक्याचा अंदाज घ्यायचा तर ‘तुम्ही ऐकलं नाही तर तो काय करील असं वाटतं?’ हा एक प्रश्न इतर अनेक प्रश्नांपेक्षा मोलाचा ठरतो.

ही साधने इंग्रजीतून शब्दशः उतरवली की त्यांचा जीव जातो, म्हणून ती मराठीत पुन्हा घडवावी लागतील, आणि या कामात मराठी भाषा स्वतःच मोठी मदत करते. इंग्रजी बोलणारा आवाज पुरुषाचा की स्त्रीचा हे केवळ स्वरावरून कळते. मराठी आवाज ‘आलो’ म्हणतो की ‘आले’ म्हणते, यावरून त्याचे लिंग क्रियापदातच कळते. तो ऐकणाऱ्याला अरे-तुरे करतो की अहो-जाहो करतो, यावरून त्याचे नाते आणि त्याचा अधिकार कळतो. तो माहेरच्या बोलीत बोलतो की सासरच्या, मराठीत बोलतो की हिंदीत, नावाने हाक मारतो की जातीवरून शिवी देतो, हे सगळे प्रश्न वाशी तालुक्यातील स्त्रीच्या किंवा पुरुषाच्या बाबतीत थेट तिच्या-त्याच्या आयुष्याच्या दुखऱ्या जागेशी नेऊन पोहोचवतात. कुर्ट श्नायडर या जर्मन तज्ज्ञाने सांगितलेल्या लक्षणांत आपल्याविषयी आपसात बोलणाऱ्या किंवा आपल्या प्रत्येक कृतीवर टिप्पणी करणाऱ्या आवाजांना स्किझोफ्रेनियाच्या, म्हणजे छिन्नमनस्कतेच्या, निदानात दीर्घकाळ विशेष वजन दिले गेले. मराठीत ते ओळखणे सोपे आहे, कारण तेथे ऐकणारा ‘तू’ राहत नाही, ‘ती बघ उठली, ती बघ निघाली’ अशी ‘ती’ होते. अमेरिकेच्या २०१३ च्या निदानसंहितेने या आवाजांचे ते खास वजन काढून घेतले आहे; तरीही ‘तू’ आणि ‘ती’ यांतला फरक नोंदवणे उपयुक्तच आहे, कारण ज्याच्याशी बोलता येते तो आवाज आणि जो केवळ पाळत ठेवतो तो आवाज, यांच्याशी जगण्याच्या तऱ्हा निराळ्या असतात.

आवाज प्रदेशानुसार बदलतात, यालाही आधार आहे. मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुहरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सॅन मातेओ, घानातील आक्रा आणि भारतातील चेन्नई येथे तीव्र मानसिक आजार असलेल्या प्रत्येकी २० व्यक्तींच्या मुलाखती घेतल्या. अमेरिकेतील लोकांनी आवाजांचे वर्णन बहुतेक वेळा मेंदूवरचा हल्ला म्हणून केले. चेन्नईतील निम्म्याहून अधिक लोकांना नातेवाइकांचे आवाज ऐकू येत होते, आणि ते पुष्कळदा घरातली कामे सांगत, दटावत, सल्ला देत. चेन्नई आणि वाशी एक नव्हेत, हे उघड आहे. परंतु वाशीच्या माणसाला त्याच्या आवाजाविषयी विचारताना तो आवाज घरातल्या कोणाचा आहे का, हा प्रश्न अगदी सुरुवातीला असला पाहिजे, एवढे या अभ्यासावरून निश्चित म्हणता येते.

आता सर्वांत नाजूक भाग. वाशी तालुक्याच्या एका बाजूला येरमाळ्याची येडेश्वरी आणि दुसरीकडे तुळजापूरची भवानी आहे. आराधी, जोगवा, पोत आणि परडी यांच्या या प्रदेशात अंगात वारे येणे ही बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट आहे. देवी बोलते, असे येथे सांगितले जाते, आणि ते सांगणारी स्त्री दुसऱ्या दिवशी खुरपायला जाते. ठरावीक वारी, संबळाच्या नादावर, चारचौघांच्या साक्षीने येणारे, थोड्या वेळाने ओसरणारे आणि समाजाने ओळखलेले हे वारे आजार ठरत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या तिसऱ्या कलमात, केवळ समाजातील प्रचलित नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक मूल्यांशी एखादी व्यक्ती जुळत नाही, एवढ्या कारणावरून मानसिक आजार ठरवण्यास मनाई केली आहे. देवभक्तीच्या रूढ आविष्कारालाही आजार समजले जाऊ नये, हा त्याच तत्त्वाचा दुसरा पैलू मानला पाहिजे. पण संबळ नसताना, मध्यरात्री, एकटी असताना, आठवडाभर न झोपता बोलणारी ‘देवी’ ही निराळी गोष्ट आहे, आणि तिचा निराळेपणा आराधी मेळ्यातल्या जाणत्या बायका पुष्कळदा सर्वांच्या आधी ओळखतात. तपासणाऱ्याने त्यांना विचारावे. ‘हे नेहमीचं वारं आहे की काही वेगळं वाटतंय?’ या प्रश्नाला त्या जे उत्तर देतील ते मूल्यमापनाचाच भाग ठरेल.

महाराष्ट्रातील श्रद्धास्थाने आणि मानसिक दुःख यांचा अभ्यास याआधीही झालेला आहे. व्हिएदा स्कुल्टान्स यांनी १९८० च्या दशकात एका महानुभाव मंदिरातील उपचारांचा अभ्यास केला, तेव्हा घरातील आजारी माणसाचे दुःख अंगावर घेऊन त्याच्या जागी घरातल्या स्त्रियाच अंगात येण्याच्या अवस्थेत जातात, असे त्यांच्या नजरेस आले. म्हणजे आवाज ऐकणाऱ्याच्या तपासणीत त्याची काळजी घेणारीचे काय चालले आहे, हे विचारणेही ओघाने आले. पुण्यात बापू ट्रस्ट उभारणाऱ्या भार्गवी दवर यांनी मधुरा लोहोकरे यांच्यासह महाराष्ट्रातील दर्ग्यांमध्ये जाणाऱ्यांविषयी लिहिलेला लेख २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात या जागा मानसिक आघात सोसलेल्यांना काय देतात, याची गंभीर दखल घेतलेली आहे. या आदराला मात्र एक पक्की मर्यादा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरखंडाने किंवा साखळीने बांधणे, छडीने मारणे, मिरचीची धुरी देणे हे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हे ठरवले आहेत; डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला तो हा कायदा त्यांच्या हत्येनंतर झाला. माणसाला साखळीने बांधण्यास २०१७ च्या कायद्यानेही सक्त मनाई केली आहे. देवऋष्याकडे जाऊन आलात का, असे विचारताना आवाजात तिरस्कार असेल तर कुटुंब ‘नाही’ म्हणेल, आणि पाठीवरचे वळ झाकले जातील. म्हणून हा प्रश्नही मायेनेच विचारावा लागतो.

प्रश्न कोण विचारतो आणि कोणासमोर विचारतो, यावर उत्तर अवलंबून असते. सुनेला सासूसमोर, किंवा तरुण मुलाला वडिलांसमोर, ‘कोण बोलतं तुझ्याशी?’ असे विचारून सत्य हाती लागणार नाही, विशेषतः तो आवाज घरातल्याच माणसाचा असेल तर. काही मिनिटे तरी त्या व्यक्तीशी एकांतात बोलणे आवश्यक आहे, आणि सांगितलेल्या गोष्टींची गोपनीयता हा २०१७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे, हे तिला समजेल अशा शब्दांत सांगणेही आवश्यक आहे. आशा स्वयंसेविका त्याच गावची असते, हे तिचे बळ आहे आणि तीच तिची अडचणही आहे. ती नात्यातली असेल तर प्रश्न दुसऱ्या गावच्या परिचारिकेने किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने विचारावा. वाशी, भूम, कळंब या भागांतून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीनंतर महिनोन्‌महिने कोपीवर, म्हणजे फडावरच्या झोपडीत, राहतात. त्यांच्या औषधांची आणि भेटींची साखळी तेथे तुटते, आणि परत आल्यावर पुन्हा तोच ‘भास होतात का?’ सुरू होतो. निघण्यापूर्वी आवाजांची स्थिती सविस्तर लिहिलेला एक कागद त्या माणसाच्या हाती असेल, तर दुसऱ्या जिल्ह्यातील डॉक्टरला सुरुवात शून्यातून करावी लागणार नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे, आणि तो क्रमांक त्या कागदावर मोठ्या अक्षरांत असावा.

या राज्याकडे स्वतःची आकडेवारीही तोकडी आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्ये होती आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. अशा स्थितीत वाशीसारख्या तालुक्यातील प्रत्येक नीट लिहिलेला केसपेपर हा उपचाराबरोबरच ज्ञानाचाही ठेवा ठरेल: मराठीत आवाज काय बोलतात, याची नोंद येथून होऊ शकते. धाराशिव येथे २०२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील मनोविकृतिशास्त्र विभाग, आशा, परिचारिका आणि स्वतः आवाज ऐकण्याचा अनुभव असलेली, आता सावरलेली काही माणसे यांनी एकत्र बसून या भागाच्या बोलीत प्रश्नपत्र तयार करावे. ते मुंबईत बसून भाषांतरित करून पाठवण्याचा आग्रह धरू नये. त्याची चाचणी पारगाव, तेरखेडा, सरमकुंडी येथे घ्यावी आणि जे प्रश्न लोकांना कळत नाहीत ते काढून टाकावेत.

हे सर्व होईपर्यंत काही काळ जाईल, हे मान्य आहे. एका बैठकीला अर्धा तास देणे रांगेच्या दिवशी शक्य होत नाही, हेही मान्य आहे. अर्धा तास तीन भेटींत विभागता येतो. तोपर्यंत एक बदल मात्र उद्यापासून, कोणत्याही निधीशिवाय आणि कोणत्याही शासन निर्णयाशिवाय करता येण्याजोगा आहे. ‘भास होतात का?’ ऐवजी ‘आजूबाजूला कोणी नसताना कोणी बोलल्याचं, नावानं हाक मारल्याचं ऐकू येतं का?’ असे विचारावे. उत्तर होय असेल तर ‘काय म्हणतं?’ असे विचारावे. आणि त्या व्यक्तीने जे सांगितले ते वैद्यकीय शब्दांत न बदलता, तिच्याच तोंडच्या एका ओळीत, केसपेपरवर उतरवून घ्यावे. वाशी तालुक्यातील वैद्यकीय अधिकाऱ्यांनी या आठवड्याच्या बाह्यरुग्ण विभागापासूनच ती ओळ लिहिण्यास सुरुवात करावी, ही कळकळीची विनंती.